गरुडयानाची तेरवी

अरुंधतीबाईंचं गरुडयान दरवर्षी भाद्रपदात तुपात नाहीतर तेलात तळलं जायचं. जगात आजवर जी काही अंतराळयानं झाली असतील, खरी किंवा गोष्टीतली, त्यांत तळलेलं हे एकच असावं.

म्हणजे असं, की महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगायचा असतो. करंज्या, साटोऱ्या, वेणी, फणी, पापड्या, सगळं कणकेचं करून तळायचं आणि दोऱ्यानं मंडपीला बांधायचं. अरुंधतीबाई लग्न होऊन भोकरदनला आल्या ते साल स्कायलॅबचं, अमेरिकेची ती अवकाश-प्रयोगशाळा आभाळातून कोसळणार होती तेव्हाचं. ते धूड आपल्याच घरावर पडणार अशी प्रत्येकाची खात्री होती. पडलं ते लांब कुठंतरी, पण नव्या सुनेच्या डोक्यात राहून गेलं. तिनं फुलोऱ्यासाठी एक करंजी वळली, तिला दोन पंख आणि एक शेपटी लावली.

"हे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"यान."

"पडलं तर?"

"दोऱ्यानं बांधलंय ना, आई."

सासूबाईंना हे पटलं आणि गरुडयानाचं पहिलं उड्डाण झालं. त्यात बसायला एक सेल्युलॉइडची बाहुली होती, एका हातानं अधू, तिचं नाव कप्तान मैनावती. शत्रू म्हणून रबरी बेडूक होता, त्याचं नाव मंडूकासुर. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आरास बघून विचारायच्या, "हे हो काय?" आणि अरुंधतीबाई सांगत बसायच्या. पुढच्या वर्षी त्याच बायका यायच्या आणि विचारायच्या, "मंग त्या बेडकाचं काय झालं?"

फुलोरा विसर्जनानंतर प्रसाद म्हणून वाटायचा असतो. त्यामुळे यान दरवर्षी खाल्लं जायचं, आणि पुढच्या वर्षी नवं करावं लागायचं. करंजीचं यान गेलं, मग पापडीचं चपटं आलं, मग वेणीसारखं लांबुडकं. त्यावरून गल्लीत दोन तट होते. शेजारच्या दुर्गाबाई पापडीवाल्या होत्या. "खरं यान ते पापडीचंच. कसं गरगर फिरायचं!" असं त्या अजून म्हणायच्या. पेठेतल्या सगुणाबाई करंजीवाल्या. पापडीचं यान आलं त्या वर्षी त्यांनी कुंकू लावून घेतलं, पण पुढचा भाग ऐकायला बसल्या नाहीत. निषेध.

हे सगळं सांगायचं कारण, हल्ली कोणीच बसत नव्हतं. पंचवीस घरं करायची असतात, रिक्षा बाहेर उभी असते. गेल्या वर्षी तिघीजणी आल्या. एकीनं महालक्ष्म्यांबरोबर स्वतःचा फोटो काढला, दुसरीनं तिचा काढला, तिसरी फोनवर बोलत होती. मंडूकासुरानं मैनावतीला खडकाला बांधून ठेवलं होतं आणि तिकडं बघायला माणूस नव्हतं.

"यंदा कुणी बसलं नाही," अरुंधतीबाई पोळा झाला त्या दिवशी म्हणाल्या, "तर हे शेवटचं यान. पुढच्या वर्षीपासून साध्या करंज्या. मी कुणाला जबरदस्तीनं ऐकवणार नाही."

त्यांचे यजमान अवधूतराव टेंभुर्णीकर वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांचा चेहरा मुळातच लोडशेडिंगची बातमी आणल्यासारखा. तो अजून लांबला. ते स्वतः आराशीतलं काही करायचे नाहीत, पण विजेच्या माळा लावताना कोपऱ्यात उभे राहून भाग ऐकायचे. हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं.

सून गंधाली घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. ती म्हणाली, "आई, बंद कशाला करायचं? रीबूट करू."

"म्हणजे?"

"गोष्ट पहिल्यापासून नव्यानं सांगायची. कप्तान तीच, बेडूक तोच, पण यान नवं, मोठं. तिकडे मोठमोठ्या मालिकांचं असंच करतात."

"आणि लोकांना आवडतं?"

"नाही. लोक भांडतात. पण भांडायला येतात ना!"

हा मुद्दा बिनतोड होता.

मुलगा पार्थ जालन्याला सळ्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं रविवारी बसून कॉम्प्युटरवर यान काढलं. अणकुचीदार नाक, मागे वळलेले पंख, पोटात पोकळ खोली, तिथं मैनावती बसणार. चित्र फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवलं. अरुंधतीबाईंना ते पाहून भरून आलं. इतकी वर्षं त्यांच्या यानात मैनावतीचे पाय बाहेर लोंबायचे.

"केवढं होईल रे?"

"पाटाएवढं. जरा जास्तच."

"थर्माकोलचं करू या का?" अवधूतरावांनी विचारलं.

फुलोऱ्यातलं यान थर्माकोलचं? ते मग खाणार कसं? अवधूतराव उठून अंगणात गेले.

आता पाटाएवढं यान तळायचं तर तेवढी कढई हवी. घरातली सगळ्यांत मोठी कढई चकल्यांची. दुर्गाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अर्धं अर्धं तळा अन् मंग जोडा." त्यांच्या जावेनं आतूनच सुचवलं, "भट्टीवाल्याकडून पावासारखं भाजून आणा." घोडं अडलं ते पार्थपाशी. जोडलं तर मजबुती जाते, म्हणाला. सांधा सुटतो. त्याच्या कारखान्यात सांध्यावरून कुणाची तरी नोकरी गेली होती, त्यामुळे तो या बाबतीत हळवा होता.

मारुतीच्या देवस्थानाकडं मोठी कढई होती. अवधूतराव ती आणायला गेले. सेक्रेटरी भुजंगराव पंख्याखाली बसले होते.

"कशाला पाह्यजे कढई?"

"यान तळायचंय."

भुजंगरावांनी चष्मा काढला. "काय तळायचंय?"

"अंतराळयान. आमच्या घरच्या फुलोऱ्यात असतं ते."

"हां हां, वहिनींचं! आमच्या आईनं खाल्लं एकदा. शेपटी आल्ती तिच्या वाट्याला." भुजंगराव खूश झाले आणि लगेच गंभीरही झाले. "पण साहेब, यान आपल्या नियमात बसून न्हाई राह्यलं. कढई लग्नाला मिळते, मुंजीला, सप्ताहाला, भंडाऱ्याला अन् तेरवीला."

"मग भंडारा लिहा."

"त्याला कमिटीची मीटिंग लागते. मेंबर सगळे गणपतीत. लग्नाला पत्रिका जोडावी लागते. सप्ताहाला महाराजांचं नाव. तेरवीला मात्र काहीच लागत न्हाई. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला काय कागद मागायचे? तेरवी लिहून टाकतो."

"अहो, पण आमच्याकडे कुणी गेलेलं नाही."

"नसू द्या. चांगलंच हाय. जल्दी कढई उचला अन् मोकळे व्हा."

अवधूतराव तीस-पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत होते. अडचण कागदावर सुटली की ती सुटली, असं त्यांना मनापासून वाटायचं. ते कढई उचलायला गेले. इकडं भुजंगरावांनी आणखी एक नियम पाळला. कढई कुणाकडं आहे यावरून पूर्वी दोन लग्नघरांत मारामारी झाली होती, तेव्हापासून देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा रिवाज होता. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं : "मोठी कढई – टेंभुर्णीकर – तेरवी."

अवधूतरावांनी ते वाचलं नाही. त्यांना कढई टेम्पोत चढवायची होती. ती चढवल्यावर टेम्पोत दुसऱ्या कशाला जागा उरली नाही, म्हणून ते कढईतच बसले. पूर्ण बाजारातून, देवळापासून मिरचीच्या आडतीपर्यंत आणि तिथून घरापर्यंत, मोठ्या कढईत मांडी घालून बसलेले अवधूतराव त्यांच्या त्या चेहऱ्यानं गेले. ज्यांनी फळा वाचला होता त्यांनी हे पाहिलं. ज्यांनी वाचला नव्हता ते हे पाहून फळा वाचायला गेले.

तळण महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी झालं. अंगणात चूल मांडली. गंधालीनं कणीक तिंबली, अरुंधतीबाईंनी लाटली, पार्थनं मोजपट्टी घेऊन कातली. नाक, पंख, पोट सगळं चिकटवून यान परातीत तयार झालं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी कुंपणावर कोपर टेकून वाहवा केली. तेल तापलं.

"टोचे मारले का पोटाला?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"कसले टोचे?" पार्थ म्हणाला.

"अरे, आत पोकळ हाय ना? हवा राह्यली तर फुगतंय. काडीनं टोचे मारा चार."

"मावशी, अंतराळयानाला भोकं पाडू? आतली हवा जाईल!"

"जाऊ दे की! त्याच्यासाठीच मारायचे!"

"हवा गेली तर कप्तान मरेल."

"कप्तान कुठं हाय आत? ती तर तिकडं पाटावर पडून हाय."

सगळ्यांनी अरुंधतीबाईंकडं पाहिलं. त्यांनी आयुष्यात हजारो करंज्या तळल्या होत्या. करंजीत हवा राहिली की काय होतं, हे त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांना कितीतरी वर्षांपूर्वीचा तो भाग आठवला. मंडूकासुरानं दाभणानं यानाला भोक पाडलं होतं आणि त्या भोकातून मैनावतीचे तिन्ही सोबती अवकाशात वाहून गेले होते. सगुणाबाई तेव्हा रडल्या होत्या. त्यानंतर मैनावतीनं शपथ घेतली होती, की पुन्हा माझ्या यानाला भोक पडू देणार नाही.

"भोक पाडायचं नाही," अरुंधतीबाई ठामपणे म्हणाल्या. "तसं गोष्टीत बसत नाही."

यान तेलात सोडलं. क्षणभर ते फार देखणं दिसलं. मग त्यानं पोट फुगवायला सुरुवात केली. पंख वर उचलले गेले, नाक आत ओढलं गेलं. कुशीवर वळत वळत ते पालथं झालं आणि बेडकासारखं दिसू लागलं.

"शत्रूला मिळालं जणू," अवधूतराव पुटपुटले.

पार्थ झारा घेऊन धावला. तेवढ्यात फट्ट असा आवाज आला, कढईतून तेलाचा फवारा उडाला आणि सगळे मागं सरले. कुणाला लागलं नाही. तेल शांत झालं तेव्हा यानाचे तीन तुकडे कढईत तरंगत होते.

"सांधा नाही सुटला," पार्थ म्हणाला. "सांधे सगळे शाबूत आहेत."



कणीक संपली होती, गॅसवर एवढी कढई बसत नव्हती, लाकडं विझत आली होती. दुर्गाबाई म्हणाल्या, "साध्या करंज्या टांगा, झालं. मोडकं टांगत न्हाईत." अरुंधतीबाईंनी तिन्ही तुकडे निथळून ताटात काढले, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मैनावती मोडक्या यानातूनसुद्धा आलेली आहे. टांगा."

पूजनाच्या दिवशी पुरणाचा नैवेद्य झाला. संध्याकाळी पार्थनं आराशीसमोर निळी चादर पडद्यासारखी लावली, ट्यूब बंद करून मंद निळा दिवा ठेवला आणि लॅपटॉपवर अवकाशाचा आवाज लावला. तो घुमल्यासारखा, लांबून कुणीतरी विव्हळल्यासारखा आवाज होता. अरुंधतीबाई नवी पैठणी न नेसता जुनी चॉकलेटी नेसल्या, कारण त्यांना दिवसभर बरं वाटत नव्हतं. करंडा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

गल्लीतून बायकांचे घोळके जात होते. गजरे, पदर, हसणं. दारापाशी आल्या की आवाज खाली यायचा. एकीनं आत पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि भराभर पुढं गेली. दुसरीनं लेकीला दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं नेलं.

"हात का जोडले हो तिनं?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"महालक्ष्म्यांना जोडले असतील," अवधूतराव म्हणाले.

"पडद्याआडून?"

तास गेला. गल्लीतल्या बायका आपापल्या घरच्या ओटीत अडकलेल्या, आणि बाहेरची एकही बाई उंबरठ्याच्या आत आली नाही. गेल्या वर्षी निदान तिघी आल्या होत्या. अरुंधतीबाईंनी करंडा खाली ठेवला. "संपलं," त्या म्हणाल्या. "गंधाली, त्या मैनावतीला कापसात गुंडाळून ठेव. उगाच धूळ बसेल."

त्यांना काय माहीत, की बायका येणारच होत्या. फक्त सगळ्यांत शेवटी. तेरवीच्या घरी जाऊन आल्यावर त्याच पावली दुसरीकडं हळदीकुंकवाला जाता येत नाही. म्हणून पेठेतल्या बायकांनी आधी सगळी घरं उरकली, मग गजरे काढून पिशवीत ठेवले, आणि सगुणाबाईंच्या मागोमाग पाच-सहाजणी दबक्या पावलांनी आत शिरल्या. कुणी बोललं नाही. सगळ्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या.

बसल्या! अरुंधतीबाईंचा डोळ्यांवर विश्वास बसेना. किती वर्षांनी या घरात बायका अशा मांडी घालून बसल्या होत्या.

बायका मात्र डोळ्यांनी हजेरी घेत होत्या. अवधूतराव कोपऱ्यात, आहेत. पार्थ आहे. सूनही आहे. मग गेलं कोण? विचारायचं कसं? एकीनं भिंतीवरचे फोटो मोजले. निळा अंधार, पडदा, ते विव्हळणं. सगुणाबाईंना राहवेना. त्या सरकून अरुंधतीबाईंच्या जवळ आल्या आणि पाठीवर हात ठेवला.

"कसं झालं हो, वहिनी?"

दोन दिवस कुणी असं मायेनं विचारलं नव्हतं. अरुंधतीबाईंना हुंदकाच आला. "काय सांगू, सगुणाबाई. डोळ्यांसमोर गेलं. तेलात होतं..."

"तेलात?"

"आधी फुगलं. मग पालथं झालं आणि फुटलं."

"अगं माय! अन् कोणी काढलं न्हाई बाहेर?"

"पार्थ धावला ना, झारा घेऊन."

"झारा घेऊन!" बायकांनी पार्थकडं पाहिलं. पार्थनं मान खाली घातली. त्याला खरंच अपराधी वाटत होतं.

"माझीच चूक," अरुंधतीबाई म्हणाल्या. "दुर्गाबाई सांगत होत्या टोचे मारा म्हणून. मीच मारू दिले नाहीत."

"टोचे..." सगुणाबाईंचा हात पाठीवरून हळूच निघाला.

"तीन तुकडे झाले. टाकवेनात. दोऱ्यानं बांधून ठेवलेत वर, पडद्यामागं."

दाराजवळची बाई किंचाळून उठली आणि तिचा पाय चादरीत अडकला. चादर सरसर खाली आली. दिव्यांच्या माळांमध्ये महालक्ष्म्या प्रसन्न उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर, करंज्या-पापड्यांच्या मधोमध, गरुडयानाचे तीन खमंग तांबूस तुकडे हलत होते.

बराच वेळ नुसता लॅपटॉप विव्हळत होता. गंधालीनं तो बंद केला.

"तुम्हाला कोण गेलं असं वाटलं?" तिनं विचारलं.

"आम्हाला काय म्हाईत! फळ्यावर लिहिलंय की. मोठी कढई, टेंभुर्णीकर, तेरवी. बाजारभर झालंय."

सगळ्यांनी अवधूतरावांकडं पाहिलं.

"भुजंगराव म्हणाले, तेरवीला कागद लागत नाही," अवधूतराव म्हणाले.

सगुणाबाई आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. दाराजवळची बाई चादरीत बसूनच हसायला लागली. पिशव्यांतून गजरे बाहेर निघाले. अवधूतरावांना मात्र कुणी हसू दिलं नाही. अरुंधतीबाईंनी त्यांना ओला फडका दिला आणि फळ्याकडं पाठवलं.

मग करंडा फिरला. हळद लागली, कुंकू लागलं, ओटीत गहू पडले. अरुंधतीबाईंचे हात सावकाश चालत होते. आता या उठणार, हे त्यांना कळत होतं. तेरवी नाही, सुतक नाही, मग बसायचं कारणही नाही. शेवटच्या बाईला कुंकू लावून त्या बाजूला झाल्या, म्हणजे जायला वाट मिळावी.

सगुणाबाई उठल्या. उठून सरळ आराशीपाशी गेल्या आणि मान वर करून तुकडे न्याहाळू लागल्या.

"हे कुठलं म्हणायचं यान? आमच्या टायमाला तर करंजीचं होतं. असं नाक कुठं होतं त्याला?"

"नवीन आहे," गंधाली म्हणाली. "रीबूट आहे."

"करंजीला काय धाड भरल्ती?"

"पापडीचं होतं पापडीचं!" दुर्गाबाई आपल्या घरची ओटी आटपून दारात येऊन उभ्या होत्या. "खरं यान ते."

"पापडीत माणूस बसेल कुठं वो? वरून घसरंल न्हाई का?"

"अन् करंजीत गुदमरंल त्याचं काय? सारणात बसवता का कप्तानाला?"

बघता बघता दोन्ही तट बसले. एक भिंतीच्या या बाजूला, एक त्या. अरुंधतीबाईंनी मधे पडून सांगायचा प्रयत्न केला, की पंख हे करंजीचेच आहेत, फक्त मागं वळवलेत. ते कुणालाच मान्य झालं नाही. शेवटी सगुणाबाईंनी हात वर केला.

"राहू द्या. आधी हे सांगा, यान फुटलं त्या टायमाला ती आत होती का? आपली मैनावती?"

गंधालीनं गुपचूप कापूस सोडवून मैनावतीला सासूबाईंच्या हातात दिलं.

अरुंधतीबाईंनी नीट मांडी घातली. "होती," त्या म्हणाल्या. "पण ते मी असं मधूनच नाही सांगणार. पहिल्यापासून सांगावं लागेल. वेळ आहे का तुम्हाला?"

सगुणाबाईंनी पिशवीतून फोन काढला आणि सुनेला लावला.

"हां, मी बोलून राह्यले. मला टाइम लागंल, तुम्ही जेवून घ्या. न्हाई गं, कोणी मेलं न्हाई. नुसतं यान फुटलंय. तू पण ये ना इकडं. आता कुठं सुरू करून राह्यल्यात... अन् येताना इथं बाहेर माझा रिक्षावाला उभा असंल, त्याला म्हणावं, जा."